आतड्यांचा दाह आणि साथीचा काळ : मुलांचे औषध खंडित होता कामा नये

नवी मुंबई : करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये सारे व्यवहार ठप्प झाले तेव्हा बहुतेक घरांत एकच भीती होती, ती विषाणूची. ज्या घरांतील मूल आतड्यांच्या दाहक विकाराने आजारी होते, तेथे मात्र भीती दुहेरी होती. या मुलांना शरीराची प्रतिकारशक्ती आवरून धरणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. साथ चालू असताना ही औषधे द्यावीत की थांबवावीत, असा पेच पालकांपुढे उभा राहिला. अनेकांना ती थांबवणे हेच शहाणपणाचे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभरातून गोळा झालेल्या अनुभवाने मात्र या समजाच्या उलट उत्तर दिले. अशा मुलांना विषाणूपेक्षा खंडित उपचारांचा धोका अधिक होता.

हा प्रश्न पामबीच मार्गालगत, ठाणे खाडीच्या काठी वसलेल्या करावेसारख्या गावातून पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य अधिक कळते. करावे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. सिडकोने नवी मुंबई वसवली तेव्हा गावच्या जमिनी शहरात गेल्या आणि गावठाण इमारतींच्या वेढ्यात आले. ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र गावात आहे, नेरुळला मोठे रुग्णालय आहे. ताप, खोकला, लसीकरण, जुलाब यांसाठी लांब जावे लागत नाही. परंतु मुलांच्या आतड्यांचे विकार पाहणारे तज्ज्ञ मोजकेच असून त्यांतील बरेचसे खाडीपलीकडे मुंबईत आहेत. एरवी हे अंतर कोणाला जाणवत नाही. साथीत ते जाणवले.

आजाराचे स्वरूप

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजेच आयबीडी, या नावाखाली प्रामुख्याने दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त व आव जाते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकतो. त्यात आतड्याची भिंत खोलवर सुजते, मार्ग अरुंद होतो, क्वचित भगंदरही होते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव मात्र एकट्या क्रोन यांचे राहिले. दोन्ही विकारांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. ती का उलटते, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. आनुवंशिकता, आतड्यांतील जिवाणू आणि राहणीमान यांचा त्यात वाटा आहे, एवढे निश्चित झाले आहे.

नावातील साम्यामुळे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमशी या आजाराची गल्लत होते. त्या विकारात पोट दुखते, बिघडते, परंतु आतड्याला इजा होत नाही. आयबीडीत ती होते, आणि मुलांच्या बाबतीत आतड्याबरोबर वाढीचेही नुकसान होते. मूल वर्गात सर्वांत बुटके राहते, वजन वाढत नाही, वयात येणे लांबते, अंगात रक्त कमी असते. काही मुलांमध्ये पोटाच्या तक्रारीआधी हेच दिसते. रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागणे, वारंवार तोंड येणे, सांधे दुखणे, गुदद्वाराजवळ चिरा किंवा गळू होणे या खुणा दिसल्यास ‘पोटात जंत असतील’ म्हणून वेळ काढू नये.

आपल्याकडे निदानात आणखी एक अडचण असते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथेच क्रोन्सची सूज बहुधा असते आणि आतड्याचा क्षयही नेमका तेथेच ठाण मांडतो. दुर्बिणीतून दोन्ही सारखे दिसू शकतात. निदान चुकीचे झाले आणि क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेली, तर क्षय फोफावतो. क्षय समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली, तर तेवढ्या काळात क्रोन्सने आतडे अरुंद होऊ शकते. म्हणून ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय आणि क्षयाच्या चाचण्या केल्याशिवाय तज्ज्ञ सहसा पुढे जात नाहीत. साथीच्या काळात एंडोस्कोपी पुढे ढकलली जाई. त्यामुळे नव्याने आजारी पडलेल्या मुलांची सर्वाधिक कुचंबणा झाली असणार. अशा वेळी शौचातील कॅलप्रोटेक्टिन या द्रव्याची चाचणी उपयोगी पडते. ते वाढलेले असल्यास आतड्यात दाह आहे, एवढे तरी समजते. तो दाह क्षयाचा की क्रोन्सचा, हे मात्र त्यावरून कळत नाही.

औषध थांबले तेव्हा

उपचारांत मेसालामाइन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन व मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे, आणि त्यापुढची पायरी म्हणून इन्फ्लिक्सिमॅब व अडॅलिमुमॅब ही जैविक औषधे वापरली जातात. इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून द्यावे लागते. पहिल्या मात्रेनंतर दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात, आणि पुढे साधारणपणे दर आठ आठवड्यांनी. त्यासाठी रुग्णालयात जाऊन काही तास थांबावे लागते. मात्रा चुकली, लांबली, तर औषधाची रक्तातील पातळी घसरते. शिवाय शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू लागते. मग पुढे मात्रा दिली तरी ती पूर्वीसारखी लागू पडेल याची खात्री राहत नाही, आणि दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया येण्याचीही शक्यता वाढते. थोडक्यात, या औषधातील खंड नंतर भरून काढता येतोच असे नाही.

याचा पुरावा साथीच्या अगदी प्रारंभीच मिळाला. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या ‘पोर्टो’ गटाने मार्च २०२० अखेरपर्यंतची माहिती एकत्र केली. चीन आणि दक्षिण कोरियातील ७९ मुलांचे जैविक औषध थांबले होते. बहुतेकांच्या बाबतीत कारण साधे होते : औषध देणारे स्थानिक केंद्रच बंद होते. त्यांपैकी १७ मुलांचा, म्हणजे सुमारे २२ टक्के मुलांचा, आजार पुन्हा उफाळला. त्याच वेळी जगभरातून करोनाची लागण झालेली आयबीडीची अवघी आठ मुले नोंदली गेली होती. ती आठही सौम्य आजारावर निभावली, कोणालाही रुग्णालयात ठेवावे लागले नाही. पुढे आंतरराष्ट्रीय नोंदींतून २०९ बाधित मुलांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ मुलांना, म्हणजे सात टक्के मुलांना, रुग्णालयात दाखल करावे लागले. दोघांना कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला. मृत्यू एकही झाला नाही.

याच नोंदींतील एक निष्कर्ष पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांचा मूळ आजार आटोक्यात नव्हता आणि जी मुले स्टेरॉइडवर होती, त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ अधिक प्रमाणात आली. केवळ जैविक औषधावर असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण उलट कमी होते. ज्या औषधाची सर्वाधिक धास्ती, तेच तुलनेने निर्धोक ठरले. अर्थात स्टेरॉइड घेणारी मुले मुळातच अधिक आजारी असतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

येथे स्टेरॉइडविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मुलाच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक तयार करणे कमी करतात. गोळी एकाएकी बंद केली, तर रक्तदाब कोसळून मूल अत्यवस्थ होऊ शकते. औषध संपले, दुकान बंद आहे, डॉक्टरांचा फोन लागत नाही, यांपैकी कोणतेही कारण असले तरी ही गोळी चुकता कामा नये. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच. ताप असताना ती तात्पुरती वाढवावीही लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर थेट रुग्णालय गाठावे लागते.

खाडीपलीकडचे उपचार

करावे गावातून परळच्या रुग्णालयांकडे जाणारे कुटुंब एरवी सीवूड्स-दारावे स्थानकावर हार्बर गाडी पकडते, कुर्ल्याला गाडी बदलते आणि परळला उतरते. मुलांसाठी १९२९ पासून चालणारे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आणि केईएम तेथेच आहे. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल बंद झाली. जूनमध्ये ती सुरू झाली, पण अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत मुभा मिळाली आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, ती पुन्हा गेली. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता येऊ लागला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, दर आठ आठवड्यांच्या मात्रेसाठी सायन-पनवेल महामार्गाने खासगी वाहन हाच बहुतेकांना पर्याय होता. ज्यांच्याकडे वाहन नव्हते आणि ज्यांचा रोजगारही बुडाला होता, त्यांच्या दृष्टीने औषधाच्या किमतीत गाडीभाड्याची भर पडली.

जवळची सोयही आक्रसली होती. महापालिकेचे वाशीचे रुग्णालय करोना रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, तर वाशीच्याच सिडको प्रदर्शन केंद्रात करोना उपचार केंद्र उभारण्यात आले. साथीच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. परंतु दीर्घकालीन आजाराच्या मुलाला नेमके कोठे न्यायचे, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाला ज्याचे त्याने शोधावे लागले.

यातून काही वाटा निघाल्या. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून, चित्रफितीद्वारे सल्ला देण्याला अधिकृत चौकट मिळाली. आयबीडीत हे बऱ्यापैकी जमते. वजन घरच्या काट्यावर, उंची भिंतीवरच्या खुणेवर, शौचाची संख्या व रक्त यांची वहीत नोंद, आणि रक्ताचा नमुना घरी येऊन नेणारी प्रयोगशाळा, एवढ्यावर डॉक्टर बरेच ठरवू शकतात. अझाथायोप्रिन घेणाऱ्या मुलाची रक्तपेशींची व यकृताची तपासणी मात्र साथ असो वा नसो, टाळता येत नाही. भारतीयांसह आशियाई लोकांमध्ये आढळणाऱ्या एका जनुकीय वैशिष्ट्यामुळे काही मुलांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने अतिशय झपाट्याने घटतात. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच केस पुंजक्यांनी गळू लागले, तर तो इशारा समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

सलाइनमधून द्यायचे औषध नजीकच्या बालरुग्णालयात देता येईल काय, हे मूळच्या तज्ज्ञांना विचारण्यास हरकत नाही. त्यांच्या लेखी सूचना व देखरेखीची सोय असेल तर ते शक्य असते. अडॅलिमुमॅब हे त्वचेखाली टोचायचे औषध घरी देता येते. त्याची भारतीय आवृत्ती डिसेंबर २०१४ पासून उपलब्ध आहे. ते दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मात्र इन्फ्लिक्सिमॅब उत्तम लागू पडत असताना, केवळ साथीच्या भीतीने औषध बदलू नये, असेच तज्ज्ञांचे मत पडले.

क्रोन्सच्या मुलांसाठी स्टेरॉइड टाळणारा आणखी एक उपचार आहे. सहा ते आठ आठवडे मुलाला केवळ वैद्यकीय द्रवआहार द्यायचा, दुसरे काहीही नाही. दाह शमवण्यात तो मुलांमध्ये स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो, आणि प्रतिकारशक्तीवर त्याचा ताण नाही. त्यामुळे साथीत त्याला विशेष महत्त्व आले. अल्सरेटिव्ह कोलायटिसला तो लागू पडत नाही. ऐकायला सोपा, पाळायला अतिशय कठीण असा हा उपचार आहे. टाळेबंदीत सारे घर दिवसभर एकत्र. स्वयंपाकघरात तव्यावर मासळी पडलेली आणि दहा वर्षांच्या मुलापुढे तोच गोड द्रवाचा पेला. अशा घरांत मोठ्यांनीही काही दिवस मुलासमोर जेवणे टाळले, तर ते अतिरेकी म्हणता येणार नाही.

आजार शांत असताना मात्र पथ्याचा बाऊ नको. वरण-भात, तांदळाची भाकरी, माशांचे कालवण, अंडी, दही हे घरचे अन्न बहुतेक मुलांना चालते, आणि वाढीच्या वयात प्रथिने हवीतच. आतड्याचा मार्ग अरुंद झाला असेल तर मक्याचे दाणे, फळांच्या साली, चोथा राहणाऱ्या भाज्या टाळाव्या लागतात.

काढ्याचा मोह

साथीच्या काळात ‘इम्युनिटी’ हा शब्द घरोघरी पोचला. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांच्या काढ्याची शिफारस आयुष मंत्रालयाने केली होती. शेजारीपाजारी जो तो काढा घेत असताना आपल्या मुलाला तो का नको, असे आजीला वाटणे स्वाभाविक होते. परंतु या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नसते. ती भलत्या ठिकाणी वळलेली असते आणि औषधांचे सारे काम तिला आवर घालण्याचे असते. तिला आणखी चेतवण्याचा दावा करणारे काहीही तज्ज्ञांना विचारल्यावाचून देऊ नये.

गुळवेलीबाबत तर सावधगिरी आवश्यकच ठरली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, अझाथायोप्रिन व मेथोट्रेक्सेट ही औषधे यकृतावर आधीच भार टाकतात. अशा मुलाच्या यकृतावर हा प्रयोग करण्याचे कारण नाही.

ताप आणि जुलाब

आयबीडीच्या मुलाला ताप व जुलाब सुरू झाले की तीन-चार शक्यता एकाच वेळी पुढे येतात. करोनातही मुलांना जुलाब होतात. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारा साधा अतिसार असतो. आजाराचा जोर वाढलेला असू शकतो. आणि करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांत दिसणारा, अनेक अवयवांना सूज आणणारा एमआयएस-सी हा विकारही तीव्र पोटदुखी, जुलाब व तापानेच सुरू होतो. त्याबाबतचा इशारा प्रथम ब्रिटनमधून एप्रिल २०२० मध्ये आला. माउंट सिनाई रुग्णालयातच, म्हणजे जेथे क्रोन्स डिसीज प्रथम वर्णिला गेला तेथे, २०२० मध्ये १४ वर्षांच्या मुलात क्रोन्स व एमआयएस-सी एकत्र आढळले आणि दोहोंवर इन्फ्लिक्सिमॅबचाच उपयोग झाला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, परंतु दोन विकार एकमेकांच्या आड किती सहज लपतात हे त्यातून दिसते. सतत ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, हातपाय गार पडणे ही लक्षणे असतील तर ‘नेहमीचाच त्रास’ म्हणून थांबू नये.

तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि आपल्याकडे मुलांना सर्रास दिले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे आतड्याचा दाह भडकवू शकतात. औषधविक्रेता ते देत असेल तर आजाराचे नाव सांगून बदलून घ्यावे. जलसंजीवनी द्यावी, जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नये. करोना झाल्याचे निष्पन्न झाल्यास डॉक्टर अझाथायोप्रिनसारखे औषध काही दिवस थांबवतात. हा निर्णय त्यांचा. निरोगी मुलाचे औषध धास्तीने बंद करणे आणि हे, यांत फरक आहे. खोकला रेंगाळला आणि करोनाची चाचणी नकारात्मक आली, तर जैविक औषधांवरील मुलात क्षयाची तपासणी करून घ्यावी. साथीच्या गदारोळात हीच गोष्ट मागे पडते.

कोंदट घरांत विलगीकरण हा शब्द कागदावरच राहतो. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जाणाऱ्या मुलासाठी शौचालय मोकळे असणे ही चैन नव्हे. घर सहा-सात माणसांचे असेल तर वेळ न विचारता प्रथम त्याला जाऊ द्यावे, याची समज भावंडांना देणे बरे. वयात आलेली मुले लाजेपोटी रक्त जात असल्याचे लपवतात. शाळा बंद होत्या तेव्हा हे लपवणे अधिक सोपे झाले.

लसींचा हिशेब

करोनाची लस भारतात १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून, तर १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून देण्यात आली. पहिल्या गटाला कोव्हॅक्सिन, दुसऱ्याला कॉर्बेव्हॅक्स. दोहोंत जिवंत विषाणू नसल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या मुलांनाही त्या देता येत होत्या. फ्लू, न्यूमोकोकल व कावीळ-ब यांच्या लसींनाही हेच लागू आहे. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या व तोंडावाटे दिली जाणारी पोलिओ लस यांत मात्र जिवंत, दुर्बल केलेले विषाणू असतात. त्या औषधे सुरू होण्यापूर्वीच पूर्ण कराव्या लागतात, नंतर देता येत नाहीत. पाच वर्षांखालील असे मूल घरात असेल तर पल्स पोलिओच्या दिवशी दारात आलेल्या आरोग्य सेविकेला ते आधी सांगावे. इंजेक्शनची पोलिओ लस त्याला चालते. भावंडांबाबतही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

साथीत मुलांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या, त्याची किंमत २०२२ च्या अखेरीस दिसली. खाडीपलीकडे गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत गोवराचा उद्रेक झाला. स्वतः लस घेऊ न शकणाऱ्या मुलाचे संरक्षण भोवतालच्या मुलांनी घेतलेल्या लशीवर अवलंबून असते. अशा मुलाचा गोवर किंवा कांजिण्या झालेल्याशी संपर्क आला, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठावे; प्रतिपिंडांचे इंजेक्शन पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते.

औषधांची नावे व मात्रा, शेवटच्या सलाइनची तारीख, अलीकडचे रक्ताचे अहवाल, क्षयाच्या चाचणीचा निकाल आणि तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक एका फाईलमध्ये, तसेच आई व वडील दोघांच्याही भ्रमणध्वनीत असावा. घरात निदान महिनाभराचे औषध शिल्लक ठेवावे, आणि पहिली पट्टी संपताच दुसरी आणावी. पावसाने हार्बर मार्ग बंद पडतो, तेव्हाही हीच फाईल व हाच साठा कामी येतो.